हजार दिवसांची पाटी आणि झाकली मूठ

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात राष्ट्रीय सुरक्षा सप्ताहाच्या बातमीसोबत एका कारखान्याचा फोटो आला होता. गेटसमोर मोठा फलक, त्यावर ‘अपघातविरहित १००० दिवस’, बाजूला फेटे बांधलेले साहेब लोक, पुढे केक. त्या कंपनीचं नाव मी घेणार नाही. तिच्याविषयी माझी तक्रार नाही, मी तिथे कधी पाऊलही ठेवलेलं नाही. कदाचित तिथे खरोखरच हजार दिवस कोणाला खरचटलंही नसेल. पण तशाच एका फलकावरचे आकडे दुसऱ्या एका कारखान्यात मी स्वतःच्या हाताने सात वर्षं बदलत होतो. तो आकडा कसा तयार होतो ते मला माहीत आहे, म्हणून हे पत्र.

आधी माझ्याविषयी थोडं. औंधच्या आयटीआयमधून फिटरचा ट्रेड करून १९८६ साली भोसरीतल्या एका शेडमध्ये लागलो. चार पॉवर प्रेस (पत्र्याला ठोका देऊन आकार देणारी यंत्रं), एक लेथ, एक ड्रिल, आणि मालकाचा कुत्रा. १९८८ मध्ये त्यातल्याच एका प्रेसने माझ्या उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरं नेली. जुन्या पद्धतीचा क्लच होता. त्यातली ‘की’, म्हणजे चाक आणि दांडा जोडणारी लोखंडी खिट्टी, झिजली तर पेडल एकदा दाबलं तरी रॅम, म्हणजे वरून ठोका देणारा भाग, दोनदा खाली यायचा. पहिल्या ठोक्यानंतर पीस काढायला हात आत घातला, आणि दुसरा ठोका आला. मालक भला माणूस होता. दवाखान्याचं बिल भरलं, आईला भेटायला घरी आला, जाताना म्हणाला, ‘पोरगा जरा घाईत होता.’ मीही मान डोलावली. मला वाटलं, खरंच मी घाईत असणार. ती ‘की’ झिजलेली होती हे मला पुढे चार-पाच वर्षांनी कळलं, मी स्वतः मेंटेनन्सला आल्यावर.

२००६ मध्ये चाकणच्या एका मोठ्या प्रेस शॉपमध्ये लागलो. गाड्यांचे पत्र्याचे भाग बनवणारी कंपनी, कायम आणि कंत्राटी धरून सहा-सातशे माणसं. बोटं बघून मला सेफ्टी डिपार्टमेंटला घेतलं असं आमचे एचआरचे साहेब गमतीने सांगायचे. नव्या पोरांच्या ट्रेनिंगला मला पुढे उभं करत. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते मी पगार घेऊन करत होतो.

माझ्या कामातलं पहिलं काम सकाळी पावणेसातला असायचं. गेटच्या आत डाव्या हाताला तो फलक. ‘अपघातविरहित दिवस’, खाली ‘आधीचा विक्रम’, त्याखाली ‘उद्दिष्ट : शून्य अपघात’. पत्र्याच्या पाट्यांवर पिवळे आकडे रंगवलेले, हुकाला टांगायचे. फर्स्ट शिफ्ट आत यायच्या आधी कालचा आकडा काढायचा आणि आजचा अडकवायचा. पावसाळ्यात हूक गंजायचे, दिवाळीत झेंडूची माळ पडायची.

अपघात म्हणजे काय, हे या फलकाच्या हिशेबात वेगळं असतं. वाचकांना वाटेल, कोणाला लागलं की अपघात. तसं नाही. इंग्रजी आद्याक्षरांनी त्याला एलटीआय, म्हणजे ‘लॉस्ट टाइम इंज्युरी’, म्हणतात. ज्याला लागलं तो पुढच्या शिफ्टला कामावर येऊ शकला नाही, तर तो ‘वेळ गेलेला’ अपघात, तो मोजायचा. आला तर मोजायचा नाही. कायद्याची फूटपट्टी आणखी निराळी. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ८८व्या कलमात ४८ तासांचा हिशेब होता. दुखापतीमुळे माणूस ४८ तास किंवा जास्त कामाला मुकला, तर कारखाना निरीक्षकांना कळवायचं. आता जुन्या कायद्यांच्या नव्या संहिता झाल्यात, त्यावर माझ्यापेक्षा जाणकार लोक लिहितील. मी माझ्या नोकरीतलं सांगतो. हेतू सरळ होता, किरकोळ आणि गंभीर यांत रेघ ओढायची. पण एकदा रेघ ओढली की माणूस रेघेच्या अलीकडे कसा ठेवायचा, यावर डोकं चालायला लागतं.

ऑक्टोबर २०१३ ची गोष्ट. मराठवाड्यातला एक पोरगा ठेकेदाराकडून हेल्पर म्हणून आला होता. सेकंड शिफ्टला १०० टनी प्रेसजवळ उभा होता. वरच्या डायचा, म्हणजे साच्याचा, एक क्लॅम्प सैल होऊन खाली आला, बोल्स्टरच्या, म्हणजे प्रेसच्या खालच्या पाटाच्या, कडेवर आपटला आणि त्याच्या पायावर पडला. सेफ्टी शूजची लोखंडी टोपी बोटांपुरती असते. हा लागला तिच्या मागे, पावलावर. एक्स-रेमध्ये हाडाला बारीक चीर निघाली. डॉक्टरांनी तीन आठवडे पाय टेकू नको सांगितलं.

फलकावर त्या दिवशी १४२ आकडा होता. ३६५ झाले की प्रत्येक कामगाराला स्टीलचा जेवणाचा डबा मिळणार, असं जाहीर झालेलं. चार कप्प्यांचा, झाकणाला क्लिप असलेला. शिवाय आमचा माल घेणाऱ्या मोठ्या कंपनीच्या ऑडिटमध्ये सुरक्षेला गुण होते, आणि त्यातला मोठा वाटा याच शून्याला. गुण गेले की पुढच्या ऑर्डरवर परिणाम. म्हणजे वरपासून खालपर्यंत सगळ्यांचं काही ना काही त्या एका पोराच्या पायाशी बांधलेलं.

रात्री अकराला मला फोन आला. ‘उद्या सकाळी जीप घेऊन जा, त्याला घेऊन ये. काम काही द्यायचं नाही, नुसता बसव.’ मी गेलो. खराबवाडीत पत्र्याच्या खोलीत सहा जण राहत होते, तीन या शिफ्टचे, तीन त्या शिफ्टचे, अंथरुणं तीनच. पोरगा भिंतीला टेकून बसला होता. पाय वहीच्या गठ्ठ्यावर ठेवलेला. मला बघून उठायला लागला. म्हटलं, बस. तर म्हणाला, ‘काका, खाडा लागंल का?’ म्हटलं, खाडा लागू नये म्हणूनच आलोय. तेव्हा मला ते वाक्य चांगलं वाटलं होतं, हे लिहिताना हात थांबतोय.

एका पायात बूट, दुसऱ्याला प्लास्टर. प्लास्टरवर बूट चढेना, म्हणून खोलीतल्या कोणाची तरी मोठी चप्पल अडकवली. गेटवर सिक्युरिटीवाल्याने अडवलं. ‘सेफ्टी शूज नाही, आत सोडता येणार नाही.’ बरोबर बोलत होता, नियम मीच त्याला शिकवला होता. दहा मिनिटं आम्ही फलकाखाली उभे. शेवटी एचआरमधून फोन आला आणि पोराची नोंद व्हिजिटर रजिस्टरमध्ये केली, भेटीचा उद्देश ‘ऑफिस काम’. हजेरीचं पंचिंग मात्र कामगार म्हणून आतून झालं. एकच माणूस एकाच दिवशी पाहुणाही होता आणि कामावर हजरही होता. मी १४२ काढला, १४३ टांगला.

नऊ दिवस तो टूल क्रिबमध्ये, म्हणजे हत्यारं ठेवायच्या खोलीत, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला. काहीतरी काम दिसावं म्हणून त्याच्यापुढे वॉशरचा डबा ठेवला होता. एका डब्यातून मोजून दुसऱ्यात टाकायचे. तिसऱ्या दिवशी त्याने मला विचारलं, ‘काका, मोजून झाले, परत मोजू का?’

आता वाचक म्हणतील, पाय बरा झाला ना, पगार मिळाला ना, मग बिघडलं काय? पुष्कळ चांगल्या माणसांनी मला हे विचारलंय. कामगारांनीही. ज्यांना डबा हवा होता त्यांनी तर जास्तच.

बिघडलं ते असं. फलक हलला नाही म्हणून अपघात झाला नाही. अपघात झाला नाही म्हणून चौकशी नाही. प्रथमोपचाराच्या रजिस्टरमध्ये एक ओळ लिहिली : ‘पायाला किरकोळ दुखापत, कामगाराचे लक्ष नव्हते.’ अक्षर माझं. क्लॅम्प सैल का झाला, हे कोणी विचारलंच नाही, कारण विचारायला प्रसंगच उरला नव्हता. उत्तर तर सगळ्या शॉपला माहीत होतं. वरची डाय रॅमला चार क्लॅम्पनी धरायची असते. त्या प्रेसवर दोनच होते. बाकी दोघांच्या टी-बोल्टचे आटे गेले होते, नव्या बोल्टची मागणी स्टोअरला देऊन सहा महिने झाले होते, आणि डाय बदलायला मिळत होती वीस मिनिटं. दोन क्लॅम्पवरही प्रेस चालतो. मिनिटाला तीस-चाळीस ठोके, प्रत्येक ठोक्याला नट केसभर फिरतो. दिवसात काही होत नाही, महिन्यातही नाही.

जुलै २०१४ मध्ये झालं. त्याच प्रेसवर आमचे डाय बसवणारे सेटर, सगळे त्यांना मामा म्हणायचे, चोवीस वर्षांचा अनुभव, डायमध्ये अडकलेली गुल्ली, म्हणजे पत्र्याचा कापलेला तुकडा, काढत होते. रॅमखाली टेकू देण्याचा ठोकळा असतो, तो लावायला हवा होता. पण ठोकळा एकच, आणि तो पलीकडच्या लाइनला. वरची डाय उरलेल्या क्लॅम्पमधून निसटून खाली बसली. मामांच्या डाव्या हाताची तीन बोटं गेली.

फलकावर तेव्हा ४१२ होते. डबे आधीच वाटून झाले होते. मामांचा जेवणाचा डबा त्याच दिवशी त्यांच्या पिशवीत होता, तो मी त्यांच्या घरी पोचवला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिन्ही आकडे काढून एक शून्य टांगलं.

मग मात्र सगळं झालं. समिती बसली, कारण शोधलं, फोटो काढले. दोन दिवसांत अख्ख्या शॉपच्या प्रेसना नवे टी-बोल्ट आले, आठ ठोकळे आले, ते विसरू नयेत म्हणून साखळीने बांधले. बैल गेला आणि झोपा केला. सगळ्या बोल्टांचं मिळून बिल त्या स्टीलच्या डब्यांच्या बिलापेक्षा कमी होतं. मी दोन्ही व्हाउचर पाहिलीत.

या विषयावर जगभर बरंच लिहिलं गेलंय. मला त्यातलं थोडंच माहीत आहे, ट्रेनिंगमध्ये शिकवलं तेवढं. हर्बर्ट हाइनरिख नावाच्या अमेरिकन माणसाने १९३१ साली मांडलं की एका मोठ्या अपघातामागे २९ किरकोळ असतात आणि ३०० असे, ज्यात लागता लागता वाचलेलं असतं. तो विमा कंपनीत होता, म्हणजे नुकसानीचा हिशेब हेच त्याचं काम. आकडे तंतोतंत धरू नयेत, त्यावर वाद आहेत. पण प्रेस शॉपमध्ये काम केलेल्या कोणालाही विचारा, तो म्हणेल, मोठं होण्याआधी बारीकसारीक दिसत असतं. आम्ही त्याला ‘थोडक्यात वाचला’ म्हणतो, साहेब लोक ‘नियर मिस’ म्हणतात. तो पोरगा त्या तीनशेतला नव्हता, एकोणतीसातला होता. त्याला आम्ही खुर्चीवर बसवून शून्यात जमा केला.

आणि हे काही आपल्याकडच्याच गरीब शेडांचं दुखणं नाही. मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ हा तेलविहिरीचा तराफा २० एप्रिल २०१० ला पेटला, ११ माणसं गेली. त्या दिवशी कंपन्यांचे बडे अधिकारी तराफ्यावर आले होते. कशाला? ‘वेळ गेलेला’ एकही अपघात न होता सात वर्षं झाली, त्याबद्दल शाबासकी द्यायला. त्याआधी २००५ च्या मार्चमध्ये टेक्सास सिटीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोट होऊन १५ जण गेले, सगळे कंत्राटदारांची माणसं. त्यानंतर नेमलेल्या, अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांच्या समितीने २००७ मध्ये अहवाल दिला, त्यातला एक मुद्दा आम्हाला फळ्यावर लिहून दाखवला होता : कंपनी हात-पाय कापल्याचे आकडे बघत बसली आणि ते कमी होताहेत म्हणून यंत्रणाही ठीक आहे असं समजली. तो वर्ग घेणाऱ्या बाईंनी विचारलं, ‘तुमच्याकडे असं काही आहे का?’ आम्ही तीस जण होतो. एकानेही हात वर केला नाही. मीही नाही. माझी तर मूठ मिटलेलीच असते. झाकली मूठ सव्वा लाखाची.

२०१५ मध्ये आम्हाला नवे प्लँट हेड आले. बोलणं कमी, मेंटेनन्समधून वर आलेला माणूस. पहिल्या आठवड्यात त्यांनी माझ्याकडून प्रथमोपचाराचं रजिस्टर मागवलं आणि स्टोअरकडून बँडेजचा हिशेब. रजिस्टरमध्ये महिन्याला सरासरी चार नोंदी. स्टोअरमधून बँडेजचे रोल जात होते महिन्याला सदतीस. दोन्ही कागद माझ्यापुढे ठेवून म्हणाले, ‘चार माणसांना सदतीस रोल? एवढी मोठी जखम कोणाची आहे, मला भेटायचंय त्याला.’ मी काय बोलणार? सगळं सांगून टाकलं, व्हिजिटर रजिस्टरसकट. ओरडतील वाटलं होतं. त्यांनी चहा मागवला.

त्यानंतर तीन गोष्टी झाल्या. डब्याचं बक्षीस बंद. फलकावरचा दिवसांचा आकडा काढला. आणि कँटीनच्या दाराशी पत्र्याची पेटी लावली : धोका दिसला, थोडक्यात वाचलात, चिठ्ठी टाका, नाव नको.

पहिल्या महिन्यात तीन चिठ्ठ्या आल्या. एक, चहात साखर कमी. दोन, संडासात पाणी नाही. तीन, माझ्याविरुद्ध. (‘सेफ्टीवाले काका फक्त साहेब आले की हेल्मेट घालतात.’ खरं होतं.) साहेब म्हणाले, तिन्हींना उत्तर द्यायचं. चहात साखर वाढली, संडासाला टाकी बसली, आणि माझ्याविषयीची चिठ्ठी मी स्वतः माझ्या सहीसकट नोटीस बोर्डावर लावली. पाण्याच्या टाकीचा सुरक्षेशी काय संबंध, असं एचआरवाले कुरकुरत होते. संबंध एवढाच की टाकला कागद वाया जात नाही हे लोकांनी पाहिलं.

दुसऱ्या महिन्यात एकाने लिहिलं की ओव्हरहेड क्रेनच्या हुकाची खिट्टी तुटलीय, स्लिंग (ओझं बांधायचा पट्टा) निसटू शकते. दुपारपर्यंत क्रेन बंद ठेवून खिट्टी बसवली. उत्पादनवाल्यांनी फार आरडाओरडा केला. त्या आरडाओरड्याचाच उपयोग झाला. चिठ्ठीने क्रेन थांबते ही बातमी अख्ख्या शॉपमध्ये फिरली. तिसऱ्या महिन्यात ४१ चिठ्ठ्या. ज्यांना लिहिता येत नव्हतं, ओडिशाची, बिहारची पोरं, त्यांच्यासाठी एका फोनचा नंबर दिला, फोटो काढा आणि पाठवा. फोटोला भाषा लागत नाही. एकाने नुसत्या दोन बटणांचा फोटो पाठवला होता. एका बटणावर रुपयाचं नाणं ठेवून वरून टेप मारलेली.

हे जरा समजावून सांगतो, कारण इथेच सगळी मेख आहे. प्रेसला दोन बटणं लांब लांब असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच रॅम खाली येतो. म्हणजे हात आत राहूच शकत नाही. चांगल्या प्रेसमध्ये प्रत्येक ठोक्याला दोन्ही बटणं सोडून परत दाबावी लागतात. जुन्यात तसं नसतं, एक बटण कायमचं दाबून ठेवता येतं. मग एक हात मोकळा, त्याने पीस काढायचा. दोन्ही हात वापरले तर शिफ्टला एकोणीसशे पीस निघत होते, नाणं लावलं तर चोवीसशे. आणि टार्गेट होतं तेवीसशे. आता सांगा, नाणं कोणी लावलं? ऑपरेटरने, की टार्गेट लिहिणाऱ्याने? पूर्वी आम्ही ऑपरेटरला मेमो दिला असता. या वेळी साहेबांनी टार्गेट लावणाऱ्याला बोलावलं आणि स्वतः बटणं दाबायला उभं केलं, एक तास. टार्गेट सतराशेवर आलं. बटणांचं सर्किट बदलायला मात्र पुढे वर्ष गेलं, सगळं काही लगेच होत नाही.

नुकसानीचा हिशेबही सांगतो, कारण बोटांपेक्षा रुपये लवकर समजणारे वाचकही असतील. एका चिठ्ठीत होतं, ग्राइंडरच्या ठिणग्या गळक्या हायड्रॉलिक ऑइलच्या ट्रेपर्यंत उडतात, आणि ट्रेमध्ये चिंध्या असतात. होज बदलायला अठराशे रुपये लागले, ग्राइंडर हलवायला दोन माणसं अर्धा दिवस. ते न करता आग लागली असती तर काय झालं असतं, याचं बिल कोणाकडेच नसतं, आणि म्हणूनच अठराशे रुपये मंजूर व्हायला महिनोन् महिने जातात. न लागलेल्या आगीला बजेट मिळत नाही.

एकदा मुंबईहून मोठे साहेब आले. फलकावर तेव्हा नवा मजकूर होता : ‘या महिन्यात आलेल्या चिठ्ठ्या ६४, निकालात ५१.’ ते थबकले. ‘चौसष्ट अपघात?’ मी सांगितलं, ‘नाही साहेब, चौसष्टदा कोणीतरी आधी बोललं.’ त्यांना पटलेलं दिसलं नाही. पुढच्या वेळी येताना फलक गेटपासून जरा आत घ्या म्हणाले. ग्राहक येतात, बरं दिसत नाही. घेतला आम्ही आत. आत तर आत.

सगळं सुधारलं असं मी म्हणणार नाही. २०१९ मध्ये एकाच्या बोटाचं टोक गेलंच. पण तासाभरात नोंद झाली, प्रेस सील झाला, संध्याकाळपर्यंत कारण सापडलं आणि तो पोरगा घरी झोपून पूर्ण बरा होऊन आला. नोंद झाली याचं मला समाधान वाटलं, आणि समाधान वाटलं याची नंतर लाजही वाटली.

आता पत्र आपल्यालाच का, ते सांगतो. ४ मार्च आला की आपल्या आणि सगळ्याच दैनिकांत असे फोटो येतात. १९६६ साली याच तारखेला कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेसाठी राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली, म्हणून तो दिवस. शपथ, पोस्टर, घोषवाक्य स्पर्धा हे सगळं मी केलंय. घोषवाक्यात मला एकदा दुसरा नंबरही मिळालाय. त्याला माझी हरकत नाही. पण फोटो छापून आला की तो आकडा खरा होतो. कात्रण लॅमिनेट करून रिसेप्शनला लागतं, ऑडिटला दाखवलं जातं, आणि उद्या एक हजार एकावा दिवस टिकवायची धास्ती गेटपासून टूल क्रिबपर्यंत पोचते.

डोंबिवली एमआयडीसीत २६ मे २०१६ ला स्फोट झाला, २३ मे २०२४ ला पुन्हा झाला. दोन्ही वेळी पानंच्या पानं आली, येणारच. माणसं मेल्यावर वर्तमानपत्र पोचतं. कोणी जखमी होऊन खुर्चीवर बसवलेला असतो, तेव्हा पोचत नाही. पोचणारे झालेत. भोपाळच्या युनियन कार्बाइडमध्ये १९८१ च्या डिसेंबरात विषारी वायूने एक कामगार गेला. राजकुमार केसवानी नावाच्या पत्रकाराला त्यावरून शंका आली, आणि १९८२ मध्ये त्यांनी आपल्या छोट्याशा साप्ताहिकात कारखान्याच्या धोक्याविषयी परत परत लिहिलं. साप्ताहिकाचा खप तो किती असणार. १९८४ च्या डिसेंबरची रात्र त्यानंतर दोन वर्षांनी आली.

माझी मागणी फार मोठी नाही. पुढच्या वेळी असा फोटो कोणत्याही कंपनीकडून आला, तर आपल्या वार्ताहराने छापण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. या हजार दिवसांत ठेकेदाराची माणसं धरली आहेत का? ‘थोडक्यात वाचलो’ अशा किती नोंदी झाल्या? (शून्य म्हणाले तर फोटो ठेवून द्या.) आणि प्रथमोपचाराचं रजिस्टर व बँडेजचा खर्च एकमेकांशी जुळतो का? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक उत्तर मिळणार नाही. पण विचारल्यावर समोरच्याचा चेहरा बघावा, मला सदतीस रोलांच्या वेळी माझा बघता आला नाही.

मामा आता दिघी रोडला झेरॉक्सचं दुकान चालवतात. हे पत्र त्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, ‘ठोकळा पलीकडच्या लाइनला होता हे लिहिलंस ना? लोक समजतील मी आळस केला.’ लिहिलंय, मामा.

पत्र छापल्यास कृपया माझं नाव देऊ नये. मला कोणाची भीती नाही, पेन्शन ती काय असणार. पण तो मराठवाड्यातला पोरगा अजून याच पट्ट्यात, दुसऱ्या एका ठेकेदाराकडे आहे. माझ्या नावावरून त्याचं नाव शोधायला फार वेळ लागणार नाही.

आपला,
एक निवृत्त फिटर,
भोसरी